रासेयोतलं तुमचं एक सत्र: किती जण होतात, किती उरलात? (अनुभव धागा)

२४ सप्टेंबर १९६९ ला ३७ विद्यापीठांतले सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), म्हणजे कॉलेजातल्या मुलांनी समाजसेवा करायची योजना, सुरू झाली. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात सहा वर्षं तिचा कार्यक्रम अधिकारी, म्हणजे गट चालवणारा शिक्षक होतो. नोंदणीला शंभर नावं यायची, दिवाळीनंतर निम्मी मुलं हाती लागायची. त्या उरलेल्या निम्म्यांचं काय झालं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. गट कसा जमला, अभ्यासाचं काय झालं, काम काय केलंत? एखादाच दिवस लिहिलात तरी चालेल.

*

मी माण तालुक्यातला. आमचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होतं, मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीनं भरलेल्या पोत्यांचा तात्पुरता बांध, घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती आम्ही बांधकामांवर फिरून महिनाभर गोळा केली होती. पहिल्या दिवशी जोर दाखवायला सगळ्यांनी पोती तट्ट भरली, दाभणानं तोंडं शिवली आणि ओढ्यात रचली. संध्याकाळी बघतो तर पाणी फटीफटीतून खुशाल वाहतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातले एक आजोबा काठावर येऊन बसले. म्हणाले, "पोरांनो, पोतं पाऊणच भरा. गच्च भरलं की ते दगड होतं. ढिलं असलं की शेजारच्याला बिलगतं." सगळा बंधारा उसकटला. पोती पाऊण भरली, विटांसारखी सांधे मोडून रचली, थरांमध्ये चिकणमाती दाबली. चौथ्या दिवशी दुपारी पाणी थांबलं. आधी घोट्याला होतं, मग पोटरीला लागलं. एका मावशींनी म्हैस आणली, म्हैस पाण्यात बसली आणि आम्ही तिच्याकडे बघत उभे राहिलो. त्या रात्री पिठलं-भाकरी खाताना आमच्यातला एकही जण फोनवर नव्हता. जूनमध्ये एकमेकांची नावंही माहीत नव्हती. आता एकाच्या बहिणीच्या लग्नात आम्ही अकरा जण वाढपी होतो.

*

मी खरं तर गुणांसाठी आले होते. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात रासेयोचे १० वाढीव गुण मिळत. अकाउंट्समध्ये केटी लागली होती, म्हणजे विषय राहिला होता, त्यात शिबिर परीक्षेच्या तोंडावर. घरी आईनं आधी नाहीच म्हटलं. पण शिबिरात रात्री नऊ ते अकरा एका वर्गात अभ्यास चालायचा. तिसऱ्या वर्षाची एक ताई खडूनं फरशीवरच तेरीज (ट्रायल बॅलन्स) मांडायची आणि विचारायची, "नावे कुठे, जमा कुठे?" चुकलं की पुसायचं, पुन्हा मांडायचं. दिवसभर टिकाव मारून हात भरून आलेले असायचे, तरी डोळा लागत नसे. केटी सुटली. पुढच्या वर्षी फरशीवर तेरीज मांडायला मी होते, आणि माझ्यासमोर नऊ मुली होत्या. गुणांचा विचार तोवर मागे पडला होता.

*

रासेयोत वर्षाला करायचे १२० तास आमच्याकडे फक्त वहीत भरले. सह्या व्हायच्या, काम नाही. सत्राच्या अखेरीस मी आणि दोन मैत्रिणींनी ठरवलं की निदान उरलेले तास खरे करायचे. दर रविवारी वस्तीतल्या मुलांना गणित शिकवलं. तिघीच होतो, पण टिकलो.

*

लातूरहून लिहितेय. रक्तदान शिबिरात पुढे होऊन मीच नाव दिलं होतं. तपासणीत हिमोग्लोबिन ९.८ निघालं. रक्त द्यायला निदान १२.५ लागतं, मला परत पाठवलं. मागे वळून बघते तर रांगेतल्या कितीतरी मुली तशाच परत येत होत्या. खूप वाईट वाटलं. मग आमच्या गटानं त्या सत्राचं कामच बदललं. मुलींची तपासणी, लोहाच्या गोळ्या, आणि डब्यात काय असतं याची वही. कोण रोज जेवणानंतर लगेच चहा पिते (त्यानं लोह अंगी कमी लागतं) हे त्या वहीतून कळलं. पुढच्या वर्षी माझं रक्त घेतलं, ३५० मिली. पिशवी भरत होती तेव्हा मैत्रीण माझा हात धरून बसली होती.

*

मी ऐंशीच्या दशकातला स्वयंसेवक, आता न्यू जर्सीत. मुलगी कॉलेजला गेली आणि फोनवर म्हणाली, "बाबा, मी फ्रॅटर्निटीत जातेय." फ्रॅटर्निटी म्हणजे इथल्या कॉलेजांतली विद्यार्थ्यांची संघटना. पोटात गोळा आला. दारू, नवख्यांचा छळ, काय काय वाचलेलं. मग तिनं सांगितलं की तिची फ्रॅटर्निटी म्हणजे अल्फा फाय ओमेगा. १९२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात स्काउटमधून आलेल्या मुलांनी सुरू केलेली सेवेची संघटना, १९७६ पासून मुलींनाही खुली. नेतृत्व, मैत्री आणि सेवा ही तीन तत्त्वं. नव्या सदस्यांना ठरावीक तास काम करावं लागतं. ती शनिवारी गरजूंसाठी धान्याची पाकिटं भरते आणि तासांची नोंद ठेवते. मी माझा रासेयोचा जुना बिल्ला तिला पाठवला, कोणार्कच्या चाकाचा, आठ आऱ्यांचा. तिनं विचारलं, आठच का? म्हटलं, दिवसाचे आठ प्रहर. तो बिल्ला आता तिच्या टेबलावर असतो.

*

धागाकर्ता: माणच्या मित्रा, तुझं वाचून दोन कॉलेजांतल्या मुलांनी पोती कुठून आणायची ते विचारलंय. दिवाळीपर्यंत थांबू नका, गणपतीपासूनच गोळा करा. फाटकी घेऊ नका, आणि उन्हात ठेवू नका, विरतात. सुतळी मात्र जास्तीची घ्या, ती नेहमी कमी पडते.