रोबो घरात कुठं मांडलेत? आपापले अनुभव सांगा

खिळाबंद, इंदिरानगर

परवा गाद्या उन्हात टाकायला बेडचा बॉक्स उघडला आणि बायकोच्या हाताला एक पाय लागला. रोबोचा. मग दुसरा. तिनं सगळेच बाहेर काढून फरशीवर ओळीनं लावले, मोजले, 23 भरले. "एवढे घेतलेस तर मांडत का नाहीस, पुरून का ठेवलेस?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. 12 ट्रान्सफॉर्मर्स (वाकवले की गाडी किंवा वस्तू होणारे), 8 गंडमची किट (जपानी कार्टूनमधला रोबो, सुटे भाग येतात, मीच जोडलेली, रात्र-रात्र बसून), दोन जत्रेतले आणि एक मामानं दिलेला चावीचा, पत्र्याचा. घर भाड्याचं, मालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही, मुलगी अडीच वर्षांची. नेटवर बघावं तर सगळीकडं तेच, काचेचं उभं कपाट आणि आत निळा लाइट, मोबाइलच्या दुकानासारखं. मला ते नकोय. तुमच्या घरात, तुमच्या पसाऱ्यात काय जुगाड केलेत ते सांगा. फसलेलं पण सांगा.

साइड बी, कॉलेज रोड

माझं म्हणणं, मांडायचेच नाहीत, लपवायचे. का ते सांगतो. 1984 ला हॅस्ब्रोनं अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर्स आणले ते काही त्यांनी शून्यातून बनवलेले नव्हते, जपानच्या टकारा कंपनीची खेळणी घेतली होती, एक मालिका डायाक्लोन, त्यात गाड्या, आणि दुसरी मायक्रो चेंज, त्यात घरातल्या वस्तू, कॅसेट प्लेअर, मायक्रोस्कोप, पिस्तूल असलं. साउंडवेव्ह हा त्या दुसऱ्या घराण्यातला. म्हणजे गडी मुळात वस्तू बनून घरात पडून राहण्यासाठीच जन्मलाय, त्याला काचेत सावधान उभा कशाला करायचा?

आमच्याकडं बाबांचा जुना टेपरेकॉर्डर आहे, बंद पडलाय पण टाकवत नाही, आणि शेजारी भावगीतांच्या, भजनांच्या कॅसेटींची लाकडी मांडणी. साउंडवेव्ह तिथं कॅसेट प्लेअर होऊन बसतो आणि त्याच्या बोटाएवढ्या कॅसेटी खऱ्या कॅसेटींच्या फटीत खोचून ठेवल्यात. आलेल्या माणसाला दहा-दहा मिनिटं कळत नाही. एकदा मावशीनं गाणं लावायला म्हणून बटण दाबलं तर दार उघडलं, आतून चिमुकली कॅसेट आली, ती तिनं उलटसुलट करून बघितली तर हातात पक्षी तयार झाला. मावशी तेव्हापासून त्या टेबलाला हात लावत नाही.

कोनाडा, जुनं नाशिक

आमचा वाडा सराफ बाजाराच्या मागच्या बोळात. पुढच्या खोलीत पाच कोनाडे, पूर्वी पणत्या ठेवायचे, आत अजून काजळी आहे. ती मी मुद्दाम पुसली नाही. एका कोनाड्यात एकच रोबो, जास्त नाही. काळ्या काजळीवर पत्र्याचा लाल-निळा रोबो जो उठून दिसतो ना, त्याला लाइट वगैरे काही लागत नाही, संध्याकाळी समोरच्या खिडकीतून येतो तेवढा उजेड बास.

पण पत्रा आणि वाड्याची ओल यांचं जमत नाही. पहिल्याच पावसाळ्यात एकाच्या खांद्याला गंज. या पत्र्याच्या रोबोंचं असं असतं की रंग आधी सपाट पत्र्यावर छापतात आणि मग पत्रा कापून वाकवतात, त्यामुळं कापलेल्या कडेला रंग नसतोच, गंज बरोबर तिथूनच धरतो. आता खाली लाकडी पाटाचा तुकडा, कडांना शिलाई मशीनच्या तेलाचं बोट, आणि आषाढ ते दसरा मंडळी कपाटात. 2019 च्या ऑगस्टात गोदावरीचं पाणी सराफ बाजारात शिरलं तेव्हा मी आधी रोबो माळ्यावर चढवले आणि मग घराचे कागद, हे आजोबा अजून प्रत्येक पाहुण्याला सांगतात.

आणखी एक. बॅटरीचा रोबो मांडून ठेवणार असाल तर सेल काढा. छाती उघडून धाडधाड गोळ्या झाडणारा आठवतो ना, जत्रेतला? तसले जपानच्या होरिकावा कंपनीनं साठच्या दशकात काढले, पुढं त्याच्या नकला जगभर झाल्या, आपल्याकडं आलेल्या त्यातल्याच. माझ्या त्या नकलेत सेल राहून गेले, वर्षभरानं झाकण उघडलं तर पांढरं पीठ. अल्कलाइन सेल होते, म्हणून इअरबडला व्हिनेगर लावून सेल टेकतात त्या धातूच्या पट्ट्या घासल्या, फेस आला, मग कोरड्या फडक्यानं पुसून घेतल्या. चालतो आता, पण डाव्या पायानं लंगडतो.

सेकंड शिफ्ट, सातपूर

दिवसभर वेल्डिंगच्या रोबोजवळ ड्युटी. घरी आलो की गंडम. बायको म्हणते तुझी शिफ्ट कधी संपतच नाही.

मी शोकेसच्या एका खणात अख्खा शॉप फ्लोअर केलाय. लेझर कटिंगच्या भंगारातली पत्र्याची जाळी सुपरवायझरला विचारून घेतली, ती मागची भिंत. जाळी लोखंडाची म्हणून छोट्या बंदुका, ढाली मागं मॅग्नेट लावून तिच्यावर टांगल्यात. खाली पिवळ्या-काळ्या टेपच्या लेन. कोपऱ्यात ॲल्युमिनियम प्रोफाइलच्या उरलेल्या तुकड्यांची गॅन्ट्री (जड माल उचलायची चौकट) आणि तिला लटकलेला अर्धवट जोडलेला रोबो, त्याचा एक हात मला सापडतच नव्हता म्हणून "मेंटेनन्स चालू" अशी पाटी लावली. हात नंतर सापडला. पाटी काढली नाही.

स्केल मात्र सांभाळा, म्हणजे खऱ्याच्या कितव्या भागाएवढा छोटा ते. 1/144 आणि 1/100 एका ओळीत लावले की सगळं नकली वाटतं. कार्टूनमधला पहिला गंडम 18 मीटर उंच धरलाय, म्हणजे 1/144 चा साडेबारा सेंटिमीटर, 1/100 चा 18 आणि 1/60 चा 30. मी 1/144 वाले मागं आणि उंचावर ठेवतो, मोठा पुढं, मग खण आहे त्यापेक्षा खोल वाटतो. आणि प्लीज, पाय जुळवून, हात बाजूला असे उभे करू नका, शाळेत प्रार्थनेला उभे केल्यासारखे दिसतात. एक पाय पुढं, कंबर जरा वळवलेली, मान पायाच्या दिशेला. तेवढ्यानं निम्मं काम होतं.

कॅम्पवाला, देवळाली

आमच्याकडं तोफखान्याचं फायरिंग चालू झालं की शोकेसच्या काचा थरथरतात आणि रोबो इंचाइंचानं सरकतात. एक तर आठवड्याभरात स्वतःहून खणाच्या कडेला आला आणि खाली. पायाच्या तळव्याला ब्लू टॅकची (पोस्टर चिकटवायच्या मऊ लगद्याची) मुगाएवढी गोळी, विषय संपला. फार दिवस झाले की काढून नवी लावायची.

सिडकोवाली काकू

मुलगा पुण्याला नोकरीला, रोबो इथं माझ्या डोक्यावर. आधी माझी चूक सांगते. तो गेल्यावर मी सगळे जुन्या सुती साडीत गुंडाळून ट्रंकेत ठेवले आणि कसर लागू नये म्हणून मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. प्लास्टिकला कसली कसर लागतेय, पण हाताची सवय. सहा महिन्यांनी उघडलं तर दोघांचे चेहरे मऊ पडलेले आणि साडीचं विणकाम गालावर उमटलेलं. डांबरगोळीची वाफ काही प्लास्टिकला विरघळवते हे मुलानं फोनवर सांगितलं, बराच वेळ बोललाच नाही आधी.

मग मला वाईट वाटलं आणि मी चैत्रगौरीच्या आरासीच्या पायऱ्या काढल्या. पाच पायऱ्यांच्या, सुट्ट्या होतात, भिंतीला काही लागत नाही. वर पांढरी चादर घातली आणि गौरीला जसं मांडतो तसंच मांडलं, मोठे वर, बारके खाली, मध्ये मध्ये मोकळी जागा, पुढचा मागच्याच्या तोंडावर येता कामा नये. पहिल्या वेळेस हात हळदीकुंकवाच्या सवयीनं कैरीच्या डाळीची वाटी पण ठेवून आला पुढं. मुलगा दिवाळीत आला तर म्हणाला आई, मला एवढ्या वर्षांत असं जमलं नव्हतं. धूळ मी मेकअपच्या ब्रशनं काढते, सुनेचा जुना.

अळीव, पंचवटी

दिवाळीच्या किल्ल्यावर कोणी मांडलेत का? आमच्या पोरांनी मागच्या वर्षी मावळे कमी पडले म्हणून गंडम उभे केले. आजोबा काठी घेऊन आले, महाराजांपेक्षा उंच कोणी दिसायचं नाही म्हणाले. आमचे मातीचे महाराज जेमतेम चार इंच, रोबो पाच. पोरं हुशार, रोबोंना एक गुडघा टेकवून मुजऱ्यात बसवलं. आजोबा बघत राहिले आणि मग स्वतःच एकाची ढाल सरळ केली.

फक्त नंतर लाल माती सांध्यांत जी बसते ती टूथब्रशनं पण निघत नाही. एकाच्या खांद्यात अळीव उगवला होता. खरंच.

पश्चिमेची खिडकी, गंगापूर रोड

थोडक्यात. ऊन लागेल तिथं पांढरे रोबो नकोत. तीन वर्षांत माझा पांढरा, केळ्यासारखा पिवळा झाला, हायड्रोजन पेरॉक्साइडनं उजळवतात पण रंग पुन्हा पिवळटतो. एलईडी पट्टीचा तो त्रास नाही. आणि सोनेरी चकाकीचं प्लास्टिक असलेले जुने ट्रान्सफॉर्मर्स कोणाकडं असतील तर ते एकदाच काय ते उभे करा आणि परत वाकवू नका, ते प्लास्टिक जुनं झालं की बिस्किटासारखं तुटतं, कितीही जपून ठेवा. आणि जपा खरंच, 2020 ला खेळण्यांवरची इम्पोर्ट ड्युटी 20 वरून 60 टक्के झाली, 2023 ला 70, तुटलेला परत घ्यायला गेलं की पोटात गोळा येतो.

खिळाबंद, इंदिरानगर

सगळ्यांनी एवढं लिहिलंत, बायकोला वाचून दाखवलं. तिला मुजऱ्यातला गंडम आवडला, मला काजळीचा कोनाडा, पण मालकाला भिंतीत कोनाडा पाडू द्या म्हणालो तर तो मलाच बाहेर काढेल. काकूंच्या पायऱ्या पक्क्या. मुलीसाठी खालच्या दोन पायऱ्या जत्रेतल्या रोबोंच्या, तोडायचे तर ते तोड. लगेच सिन्नरला आईला फोन लावला, तिच्याकडं पायऱ्या आहेत माळ्यावर, ने म्हणाली. पण चैत्राच्या आत परत हव्यात.