मायाचं चित्र काढलं, सगळे म्हणतात वाघीण भारी पण माया वाटत नाई. काऊन?

पांढरीमाती:
नमस्कार मंडळी. मी चिमूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, चित्रकलेचा क्लास वगैरे काही नाई केला, मोबाईलवर इबिसपेंट नावाच्या चित्राच्या ॲपमध्ये बोटानंच काढते. ताडोबाच्या वाघांची वेडी आहे अन् त्यातही माया वाघिणीची. २०२३ च्या ऑगस्टनंतर ती दिसलीच नाई, मग नोव्हेंबरात सापडलेल्या अवशेषांची डीएनए तपासणी होऊन ती मायाच निघाली, तेव्हापासून तिचं एक मोठं चित्र काढायचं डोक्यात होतं. आता काढलं. ताडोबातल्या पांढरपवनीच्या पाण्यात बसली आहे, मान वळवून सरळ आपल्याकडं पाहून रायली, मागं हिरवंगार जंगल, वरून मे महिन्याचं ऊन.

तोंड सिमेट्री रूलर लावून काढलं, म्हणजे अर्धं काढलं की उरलेलं आपोआप येते अन् डोळे वरखाली होत नाई. अंगासाठी नेटवरचा एक फोटो समोर ठेवला, त्यात ती उजवीकडं होती, मले डावीकडं पाहिजे होती म्हणून फोटो पलटवून घेतला.

घरी दाखवलं तर आई म्हणे छान, भाऊ म्हणे स्टेटसले ठेव. वाघवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं तर दोघातिघांनी लिहिलं, वाघीण झकास पण माया नाई. काय कमी आहे ते कोणी सांगून नाई रायलं. तुम्ही स्पष्ट सांगा, राग नाई येणार (आला तरी इथं लिहिणार नाई).

सावजी_रस्सा:
एक नंबर ताई. बोटानं काढलं म्हणता? मले तर बोटानं सही बी येत नाई.

मागची_सीट:
ताई मी मोहर्ली साईडले गाईड आहे, चित्रातलं मले शून्य कळते पण वाघाचं सांगतो. तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. वाघाच्या कपाळावरचे पट्टे दोन्हीकडं सारखे कधीच नसतात, एका डोळ्यावर तुटलेला पट्टा असन तर दुसऱ्या डोळ्यावर वेगळंच काहीतरी, अन् आम्ही लोकं ओळखतो ते त्याच्यावरूनच. तुम्ही अर्धं तोंड छापून दुसरीकडं लावलं म्हणजे मायाची अर्धी ओळख तिथंच गेली. तसंच अंगाचं. डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणून तर जंगलात कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) समोरासमोर जोडीनं लावतात, दोन्ही बाजू एकाच वेळी मिळाल्या पाहिजे, नाईतर एकाच वाघाले दोन वाघ धराची पाळी येते. फोटो पलटवला की थो जगात नसलेला वाघ होते बाप्पा.

दुसरं, डोळे. तुम्ही बाहुली उभी चिरेसारखी काढली, तशी मांजरीची असते. वाघाची गोल असते. उन्हात बारीक होते पण गोलच राह्यते. हे एवढं बदललं तरी चेहरा निम्मा सुधरन, आत्ता ते मोठ्ठं मांजर वाटून रायलं, माफ करा.

अन् मे महिन्यात मागं हिरवंगार कोठून आणलं? साग बोडका असते तेव्हा, खाली नुसता पाचोळा, बांबू पिवळा पडलेला. हिरवं पाहिजे असन तर पावसाळा काढा, पण मग थे ऊन काढून टाका.

बाभूळबन:
भाऊचं बरोबर असन, पण पोरीनं हौशीनं काढलं, त्यात पट्टे मोजत बसाचं म्हणजे जरा जास्तच नाई होत का? चित्र आहे, आधार कार्ड थोडी आहे. मले तर पाण्यातला पंजा पाहूनच कळलं की हिचा हात चांगला आहे, त्याचं कोणी बोललंच नाई.

मागची_सीट:
@बाभूळबन दादा, नुसता वाघ काढला असता तर मी बी मस्त म्हणून मोकळा झालो असतो. नाव मायाचं दिलं नं.

स्टायलस_नाही:
मी यवतमाळकडचा, मीही मोबाईलवरच काढतो त्यामुळे बोटाचं दुःख माहीत आहे. गाईड भाऊंनी काय चुकलं ते सांगितलं, मी कसं करायचं ते सांगतो.

सिमेट्री रूलर पूर्ण बंद नका करू. कच्च्या स्केचपुरतं ठेवा, डोळे नाक कान जागेवर आले की बंद करा आणि पट्टे वेगळ्या लेयरवर (चित्रावर ठेवलेला पारदर्शक कागदच समजा) हातानं, एका बाजूचं झाल्यावर दुसरी बाजू. पट्ट्यांचा लेयर अंगाच्या रंगाच्या लेयरवर क्लिपिंग करून ठेवला की रेघ बाहेर जात नाही आणि एखादा पट्टा चुकला तर खालच्या केसांना धक्का न लावता खोडता येतो. फोटो ॲपमधल्याच रेफरन्स विंडोत उघडा, म्हणजे दुसऱ्या ॲपमध्ये ये-जा होत नाही, नाहीतर कमी रॅमच्या फोनवर ॲप मध्येच बंद पडते.

आणि एक खास वाघवाल्यांसाठी. चित्र तपासायला कॅनव्हास आडवा पलटवून पाहतात, सगळेच सांगतात, चांगलीच सवय आहे, वाकडं तोंड लगेच दिसते. फक्त नुसतं पाहणं पलटवा, चित्र नाही, आणि सेव्ह करायच्या आधी एकदा मूळ फोटो शेजारी ठेवून कुशी तीच आहे ना बघा. माणसाच्या चित्रात डावंउजवं बदललं तर कोणाला कळत नाही, इथं गाईड बसलेलेच आहेत.

वरती एक राखाडी रंगाचा लेयर टाकून त्याचा मोड कलर करा, म्हणजे चित्र ब्लॅक अँड व्हाईट दिसेल. मी तुमचं चित्र तसं करून पाहिलं तर वाघीण आणि मागचं जंगल एकाच उजेडाचे निघाले, म्हणूनच ती उठून दिसत नाही. मागचं फिकं करा आणि डोळ्यावरचा पांढरा भाग, हनुवटी, छाती या तीन जागा उजळ ठेवा. पंजा खरंच भारी आहे, त्याला हात लावू नका.

कापूसपेटी:
फोटो कोणाचा होता थे विचारलं का कोणी? नेटवरून घेतला म्हणजे कोणाच्या तरी कॅमेऱ्याचा आहे, थो माणूस उन्हात तासन्‌तास जिप्सीत बसला असन. पाहून शिकणं वेगळं अन् जसाच्या तसा काढून आपलं म्हणून टाकणं वेगळं. मेसेज करून विचाराचं, हो म्हटलं की चित्राखाली त्याचं नाव टाकाचं. विकाचं असन तर विचारल्याशिवाय नाईच. अन् त्यालेच विचारा, त्याच सफारीतला दुसऱ्या कुशीचा फोटो बी त्याच्याजवळ असू शकते, मग पलटवाचं कामच नाई.

आणखी, फ्रेम कराचा विचार असन तर आत्ताच कॅनव्हास मोठा घ्या, ए४ ले ३०० डीपीआयनं (एका इंचात ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. मोठ्या कॅनव्हासवर लेयर कमी मिळतात, तेवढं सांभाळा. छापाले देतानी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाईतर पिक्सेल खाऊन टाकते.

पांढरीमाती:
बाप रे, एवढं कोणी सांगन असं वाटलं नव्हतं. बाहुल्या आत्ताच गोल केल्या, खरंच मांजर गेलं. फोटोवाल्या दादांले मेसेज केला आहे, वाट पाहून रायली. त्यांनी डाव्या कुशीचा दिला तर ठीक, नाईतर उजवीकडंच तोंड करून बसवते, चित्राची मांडणीच फिरवावी लागन पण चालते. बाभूळबन काका थँक्यू, पंजाले सगळ्यात जास्त वेळ लागला होता.

आता एक शंका. पाण्यात तिचं प्रतिबिंब दाखवाचं आहे, तिथं पट्टे पलटतात का नाई?

स्टायलस_नाही:
उभे पलटतात, आडवे नाही. वाघिणीचा लेयर कॉपी करून वरखाली पलटवा, कुशी तीच राहते. पण नुसती कॉपी खोटी दिसेल, कारण पाणी तिला खालून पाहते, म्हणजे पाण्यात हनुवटीची आणि गळ्याची खालची बाजू जास्त दिसली पाहिजे आणि पाठ कमी. रंग थोडा गडद घ्या, कडा आडव्या हलवून तोडा.

मागची_सीट:
अन् ताई, पाणी निळं नका करू. मे मध्ये थे गढूळच असते.