इंधन टाकीतल्या नळ्यांना कळंक: पितळ, अ‍ॅल्युमिनियम की स्टेनलेस?

नवा_वैमानिक
नमस्कार मंडळी. माझं रिमोटवर उडणारं शिकाऊ मॉडेल विमान (ट्रेनर) आहे, .४६ घनइंचाच्या ग्लो, म्हणजे मेथॅनॉलवर चालणाऱ्या इंजिनाचं. इंधनात १० टक्के नायट्रोमिथेन, तेल एरंडेल आणि सिंथेटिक मिसळलेलं. विमान छान उडत होतं, पण हल्ली नाक वर केलं की इंजिन लीन होऊन (इंधन कमी, हवा जास्त) अडखळतं. नीडल (इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई) उघडून पाहिली, फरक पडला नाही. शेवटी टाकी बाहेर काढली. तिन्ही नळ्या पितळेच्या आहेत. क्लंकची, म्हणजे जिच्या मऊ नळीच्या टोकाचं वजन इंधनामागे सरकतं आणि जिच्यातून इंजिनाला इंधन जातं ती नळी नुसती काळपट पडलीये, पण मफलरकडून दाब येतो त्या नळीचं टाकीतलं टोक हिरवं आणि खरखरीत झालंय. फिल्टरच्या जाळीतही हिरवट भुकटी सापडली.

नळ्या आता नव्याने बसवायच्यात. हलकी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची घेऊ का? पुढचं विमान २० सीसी पेट्रोल इंजिनाचं आहे, त्यालाही तीच चालेल का? एक मित्र म्हणतो तांब्याची घे, हाताने वाकते.

उंच_भरारी
स्टेनलेस लावा आणि निर्धास्त व्हा. बाकी सगळं आज ना उद्या खराब होतंच.

कानस_आणि_करवत
तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आलंय. दोन्ही नळ्या एकाच पितळेच्या, एकाच टाकीतल्या, तरी दाबाची हिरवी झाली आणि क्लंकची फक्त काळी. मफलरमधून टाकीत काय येतं ते बघा. मेथॅनॉल जळताना पाणी तयार होतं आणि तेही भरपूर: एक किलो मेथॅनॉल पूर्ण जळलं तर सुमारे १.१ किलो पाणी. नायट्रोमिथेन जळून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड त्या पाण्यात मिसळले की आम्ल होतं. इंजिन बंद केलं की ही वाफ दाबाच्या नळीत गार होऊन बसते आणि पुढच्या उड्डाणापर्यंत तिथेच राहते. कळंक धरतो तो या मुक्कामात. त्यात मेथॅनॉल स्वतःच हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे तळाशी राहिलेलं उरलंसुरलं इंधनही दिवसागणिक पाणचट होत जातं.

म्हणून माझं ठाम मत आहे की धातू निवडण्याआधी टाकी रिकामी करायची सवय लावा. दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंधन उपसून काढा, मग इंजिनाला जोडलेली नळी सोडवून ते कोरडं पडेपर्यंत चालवा, आणि दाबाची नळी मफलरपासून काढून तिच्यात फुंकर मारा. एवढं करणाऱ्याच्या पितळी नळ्या वर्षानुवर्षं टिकतात. इंधन तसंच ठेवून विमान भिंतीला टांगणाऱ्याला कुठलाच धातू पुरणार नाही.

आता धातूंचं. अ‍ॅल्युमिनियम हलकं आहे हे खरं, पण किती ते मोजा. बाहेरून ३.२ मिमी आणि जाडी ०.३५ मिमीच्या आसपास, अशी १० सेंमी नळी पितळेची असेल तर साधारण २.७ ग्रॅम भरते, अ‍ॅल्युमिनियमची ०.८५. दोन ग्रॅमही वाचत नाहीत. उलट मेथॅनॉल अ‍ॅल्युमिनियमच्या संरक्षक थराला खातं, बारीक खड्डे पडतात, आणि ही नळी घरच्या साध्या सोल्डरने जोडताही येत नाही. मी ती ग्लोच्या टाकीत घालत नाही.

तांब्याचं कौतुक फक्त वाकवण्यापुरतं. ग्लोमध्ये ते पितळेइतकंच हिरवं पडतं. पेट्रोलला तर मुळीच नको: तांब्याच्या संपर्कात पेट्रोलचं ऑक्सिडीकरण लवकर होतं, चिकट गोंद धरतो आणि तो कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो. हीच तक्रार पितळेबद्दलही करता येईल, कारण त्यात ७० टक्के तांबंच असतं. पण टाकीतल्या चार बोटं नळीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवलं नाही तर त्रास होत नाही.

तर ग्लोमध्ये नायट्रो जास्त असेल किंवा विमान बराच काळ पडून राहत असेल तर स्टेनलेस, एरवी पितळ. पेट्रोलला पितळ, टोकाला कडं झाळून (सोल्डरने जोडून), म्हणजे वर चढवलेली मऊ नळी निसटत नाही.

नाक वर केल्यावर लीन होण्याचं कारण मात्र कळंक नसावा. टाकीतली सिलिकॉनची नळी पितळेच्या टोकावर जिथे चढते तिथे ताणून बघा. करवतीने कापलेली कड धारदार राहिली असेल तर क्लंकच्या हेलकाव्यांनी सिलिकॉन तिथेच चिरतं. नाक वर झालं की इंधन मागे सरकतं, पुढची चीर उघडी पडते आणि इंजिन हवा ओढायला लागतं.

नवा_वैमानिक
दादा, अगदी तिथेच चीर आहे! नुसती बघून दिसत नव्हती, ताणल्यावर तोंड उघडलं. खूप आभार. आता पितळेचीच नळी बसवतो. पण वाकवताना ती चपटी होते. आणि कडं झाळायचं म्हणजे नेमकं कसं?

निळाई
जुन्या नळ्याही वाया घालवू नका. अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवात रात्रभर ठेवल्या की चकचकीत होतात.

कानस_आणि_करवत
निळाई, कृपा करून तो सल्ला नको. वाकवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो, आणि अमोनिया लागला की तिला आरपार भेगा जातात. ब्रिटिश फौजेची भारतातली काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की तडकायची, ती याचमुळे. जनावरांच्या मुतातून अमोनिया निघायचा. नेमकं कारण १९२१ साली उलगडलं. नळीची भेग केसाएवढी असते, डोळ्यांना दिसतही नाही आणि हवा मात्र ओढते.

वाकवायचं असं: जिथे बाक हवा तो भाग अंधाऱ्या कोपऱ्यात बर्नरवर धरा. पितळेवर मंद लाली दिसली की ज्योत लगेच काढा आणि गार होऊ द्या. नळी मऊ होते. मग आत कोरडी बारीक वाळू ठासून भरा, दोन्ही तोंडं बंद करा आणि गोल दांड्याभोवती हळूहळू वळवा. बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट तरी ठेवा. वाळूऐवजी मीठ भरू नका, क्लोराइड आत राहिलं की पुन्हा गंज. वाळूही शेवटी पाण्याने आणि हवेने पूर्ण काढायची, एक कण नीडलमध्ये गेला तरी इंजिन बंद पडतं.

कड्यासाठी तांब्याची बारीक तार टोकापासून ३ मिमी आत एक वेढा गुंडाळा आणि रोझिन फ्लक्स (झाळताना लावायची राळ) लावून झाळा. आम्लाचा फ्लक्स वापरलात तर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवून ब्रशने नीट घासा. सांध्याभोवती दिसणारा हिरवा बराचसा या राहिलेल्या फ्लक्सचाच असतो. शेवटी कड आतून-बाहेरून घासून बोट फिरवा, कुठे अडकायला नको.

पेट्रोलच्या टाकीत सिलिकॉन घालू नका, ते फुगतं. टायगॉन किंवा व्हिटॉनची नळी घ्या, आणि बूचही पेट्रोलला चालणाऱ्या रबराचंच घ्या.

विमानात बसवण्याआधी टाकी पाण्यात बुडवा, दोन नळ्या बंद करा आणि तिसरीतून फुंका. बुडबुडा आला तर बुचाचा स्क्रू आवळा. तरीही येत राहिला तर बूच बदला.