मदत हवी आहे: घरकामाच्या ताईंना परदेशी सोबत न्यायचंय, व्हिसाचं घोडं अडलंय

सई_प
पुढच्या महिन्यात आम्ही सहकुटुंब शिफ्ट होतोय. दोन लहान मुलं, दोघांच्या नोकऱ्या. ताई बरीच वर्षं आमच्याकडे आहेत, यायला तयार आहेत, पासपोर्टही हातात आलाय. सगळ्यांची तिकिटं एकत्रच काढायची आहेत. कंपनीचा एजंट म्हणतो, घरकामाच्या माणसाचं आम्ही बघत नाही. फॉर्म कुठला भरायचा आणि किती दिवस लागतात? तिकिटं रोज महागताहेत, प्लीज लवकर सांगा.

नाशिककर७
कुठला देश? तुमचा स्वतःचा व्हिसा कुठला? ताईंचं वय आणि शिक्षण? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

वाळवंटातला_मराठी
सर्वात आधी पासपोर्टवर ईसीआर (ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी सरकारी तपासणी लागते असा शिक्का) आहे का बघा. दहावी पास नसेल तर बहुतेक असतोच. मग भारत सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर परदेशी कामाला जाण्याचा क्लिअरन्स लागतो. ३० वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी तो मिळतच नाही, ३० च्या पुढे असेल तरी सरकारी एजन्सीमार्फतच जावं लागतं. क्लिअरन्स नसेल तर मुंबई विमानतळावरूनच परत पाठवतात.

अनघा_मुलुंड
एवढं कशाला? टूरिस्ट व्हिसावर न्या, तिकडे पोचल्यावर बदलून घ्या. बरेच जण करतात.

नाशिककर७
अनघाताई, कृपया असले सल्ले देऊ नका. पकडलं गेलं तर पहिली भरडली जाते ती बाई. पुन्हा त्या देशात पाऊल ठेवता येत नाही.

सई_प
सिंगापूर. लिहायचं राहिलं. आमच्या दोघांचेही एम्प्लॉयमेंट पास (तिथले नोकरीचे परवाने) मंजूर झालेत, पत्र आलंय, कार्ड तिकडे गेल्यावर. ताई ४४ वर्षांच्या. पासपोर्टवर ईसीआर आहे. म्हणजे क्लिअरन्स लागेल? आणि घरकामाला शिक्षण कशाला हवं?

टँपिनीसकर
ईसीआरचं टेन्शन सोडा. ती अट ठरावीक १८ देशांपुरती आहे. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया त्यात आहेत, सिंगापूर नाही.

शिक्षणाकडे मात्र नीट बघा. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाची, म्हणजे एमओएमची, पहिल्यांदा येणाऱ्या बाईसाठी अट आहे: वय २३ ते ५० आणि किमान आठ वर्षांचं शालेय शिक्षण, तेही प्रमाणपत्रासह. मराठी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर जोडायचं. शिवाय ती तुमची नातेवाईक असता कामा नये.

दुसरं, एकत्र तिकीट विसरा. एजन्सीशिवाय थेट अर्ज करायचा तर सिंगपास (तिथल्या सरकारी साइट्सचं लॉगिन) हवा आणि तो तुमचा पास हातात आल्यावरच निघतो. आधी तुम्ही जा, पास घ्या, मालकांसाठीचा ओरिएंटेशन कोर्स करा (पहिल्यांदा बाई ठेवणाऱ्याला सक्तीचा, अर्जाच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी), मग वर्क परमिटचा अर्ज. तोवर ताईंनी भारतातच थांबायचं. मंजुरीचं पत्र आलं की त्याची प्रत त्यांना पाठवा. त्यात पगार आणि सुट्ट्या लिहिलेल्या असतात, त्या त्यांना वाचून समजावून सांगा. प्रवेशालाही तेच पत्र चालतं, वेगळा व्हिसा काढू नका.

त्या पोचायच्या आधी ५,००० सिंगापूर डॉलरची सिक्युरिटी बाँड गॅरंटी (सरकारला द्यायची हमी) आणि दोन विमे तयार हवेत: वैद्यकीय वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा, अपघाताचाही तेवढाच. इन्शुरन्स कंपन्या तिन्ही एकत्र देतात. बाँडची सगळी रक्कम रोख अडकत नाही, प्रीमियम भरायचा असतो. पोचल्यावर रविवार-सुट्ट्या सोडून तीन दिवसांत नव्या बायांसाठीचा सेटलिंग-इनचा वर्ग, १४ दिवसांत वैद्यकीय तपासणी. पुढे दर सहा महिन्यांनी तपासणी.

मंदार_एस
लेव्ही (बाई ठेवल्याबद्दल मालकाने सरकारला भरायचा कर) फक्त ६० डॉलर आहे महिन्याला, फार काही नाही.

टँपिनीसकर
ती सवलत नागरिकांच्या घरांसाठी, जिथे लहान मूल किंवा वृद्ध असतात. घरात कुणीच नागरिक नसेल तर पूर्ण ३०० डॉलर. दर महिन्याला जायरोने बँकेतून आपोआप कापले जातात. आणि ही लेव्ही, विमा, बाँड यातलं काहीही ताईंच्या पगारातून वळतं करता येत नाही. तो गुन्हा आहे.

मंदार_एस
मग तिकडचीच अनुभवी बाई एजन्सीकडून घ्या ना. तिला ही शिक्षणाची अट पुन्हा लागत नाही, तिकडची सवयही असते.

सई_प
नको. मुलांना यांचाच लळा आहे.

किरण_न्यूजर्सी
अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. एल-१ किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना बाईसाठी बी-१ व्हिसा मिळू शकतो. दोघांच्या सह्यांचा करार लागतो, किमान वेतन आणि त्या भागातलं प्रचलित वेतन यांपैकी जे जास्त ते द्यावं लागतं, राहणं-जेवण फुकट. पोचल्यावर आय-७६५ फॉर्म भरून कामाची परवानगी मिळाल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. ग्रीनकार्डवाल्यांना ही सोय नाही.

नाशिककर७
किरण, माहिती चांगली आहे, पण धागा सिंगापूरचा आहे. वेगळा काढा, सापडायला सोपं जाईल.

सई_प
ताईंनी शाळा सोडल्याचा दाखला आणलाय, जिल्हा परिषदेच्या शाळेचा. 'इयत्ता व केव्हापासून शिकत होती' या रकान्यात 'आठवी, जूनपासून' असं आहे. झाली ना आठ वर्षं? नाव माहेरचं आहे, पासपोर्टवर सासरचं.

टँपिनीसकर
नाही झाली. याचा अर्थ आठवीत बसल्या होत्या, पास झाल्याचा उल्लेख नाही. सातच वर्षं धरतील. शेऱ्याच्या रकान्यात काय आहे ते बघा. 'आठवी उत्तीर्ण' किंवा 'नववीत प्रवेश' असं काही नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरवरून आणि निकालपत्रकावरून मुख्याध्यापकांकडे सही-शिक्क्याचं उत्तीर्ण असल्याचं पत्र मागा. खरोखर पास झाल्या असतील तरच. खोटा कागद लावून काम होणार नाही, उलट त्यांच्यावर बंदी येईल.

वाळवंटातला_मराठी
नावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र. तेही नसेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या. नुसत्या स्टँपपेपरवरच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. जन्मतारीखही ताडून बघा. आधारवर १ जानेवारी आणि दाखल्यावर दुसरीच, असं सर्रास असतं.

सई_प
जन्मतारीख जुळतेय. शेऱ्याचा रकाना कोरा आहे. शाळा ताईंच्या गावी, साताऱ्याकडे. त्यांना सोमवारी पाठवते.

टँपिनीसकर
एकट्या पाठवू नका, अर्ज लिहून द्या किंवा कुणीतरी सोबत जा. जुनं रजिस्टर शोधायला शाळेला दिवस लागतात. आणि ते पत्र हातात येईपर्यंत त्यांचं तिकीट, बाँड, विमा यातलं काहीही काढू नका.