बधिर पायांना इन्फ्रारेडचा शेक: गुण येतो की नुसती ऊब?

दौलतगंजकर
थंडी पडली की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घराघरांत शेकायचे इन्फ्रारेडचे लाल दिवे माळ्यावरून खाली येतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कंबर धरली, मान आखडली तर खुशाल शेक घ्यावा, स्नायू सैलावतात. माझा वाद पुढच्या दाव्याशी आहे. हल्ली ग्वाल्हेरात 'मोफत थेरपी'ची केंद्रं निघाली आहेत. तिथे सकाळी ज्येष्ठांची रांग लागते आणि त्यांना सांगतात की इन्फ्रारेडने रक्ताभिसरण सुधारतं, मेलेल्या नसा जिवंत होतात, साखरेने बधिर झालेले पाय पुन्हा जागे होतात. काही दिवस फुकट झोपवायचं, मग इन्फ्रारेडची गादी नाहीतर पायाला बांधायचे पट्टे गळ्यात मारायचे.

ज्याच्या पायाला चटकाच कळत नाही त्याला गरम होणारं यंत्र विकणं मला पटत नाही. फिजिओथेरपीत इन्फ्रारेड लावण्याआधी गरम आणि गार पाण्याच्या नळ्या त्वचेला टेकवून विचारायची पद्धत आहे, कोणती गरम, कोणती गार? ज्याला सांगता येत नाही त्याच्या त्या भागावर शेक देत नाहीत. म्हणजे ज्यांना नको म्हणायचं, नेमके तेच या केंद्रवाल्यांचं गिऱ्हाईक!

चिटणीसांची गोठ
तुमचं पुस्तकी ज्ञान ठीक आहे, पण माझ्या आईला गुण आला त्याचं काय? रात्रभर तळपायांची आग व्हायची, पौषाच्या थंडीतसुद्धा पाय रजईबाहेर. गोळ्या घेतल्या की दिवसभर गुंगी, तोल जायचा. पट्टे बांधायला लागल्यापासून झोपते बिचारी. आणि एलईडीचे पट्टे म्हणजे लाल दिवा नव्हे. दिवा भाजतो, पट्टे जेमतेम कोमट लागतात. दोन्हींना एकाच माळेत ओवू नका. ८९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देणाऱ्या अशा यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, १९९४ मध्येच परवानगी दिली आहे. ते काय वेडे आहेत?

दौलतगंजकर
वेडे नाहीत, म्हणून तर परवानगी कशाला दिली ते नीट वाचा. दुखणं कमी करणं आणि त्या जागेचं रक्ताभिसरण तात्पुरतं वाढवणं, बस्स. नसा बऱ्या करायला नाही. तिथल्याच मेडिकेअरने, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याने, २००६ मध्ये ठरवलं की मधुमेहाने बिघडलेल्या नसांसाठी या यंत्रांचा खर्च द्यायचा नाही.

चाचण्याही झाल्या आहेत. २००५ मध्ये 'डायबेटिस केअर' या वैद्यकीय नियतकालिकात ३९ जणांची चाचणी छापून आली. काहींना चालू पट्टे, काहींना दिसायला तसेच पण बंद. तळव्याची संवेदना दोन्ही गटांत सुधारली आणि दोघांत फरक निघाला नाही. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात आणखी एक चाचणी आली, ६९ जणांची, ९० दिवस घरी वापरून. तिथेही खरे पट्टे खोट्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

चिटणीसांची गोठ
२००४ मध्ये त्याच 'डायबेटिस केअर'मध्ये फायदा झाल्याचंही छापून आलंय, ते बरं विसरलात. आणि बंद पट्ट्यांनीही बरं वाटत असेल तर वाटू द्या ना. आईची झोप खोटी आहे का?

दौलतगंजकर
२००४ची चाचणी २७ जणांची होती, नंतरच्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही. झोप खोटी नाही हो ताई, यंत्राची किंमत खोटी आहे.

नळ्या टेकवणारा
मी फिजिओ आहे, थाटीपूरकडे बसतो. दोघांनाही थोडं थोडं ऐकवतो.

दिव्याची उष्णता बहुतेक कातडीच्या वरच्या थरातच मुरते. नसांपर्यंत, सांध्याच्या आतपर्यंत ती 'पोचते' म्हणणं धाडसाचं आहे. त्याने आराम वाटतो, ताठरपणा जातो, मग व्यायाम करून घेता येतो. आमच्याकडे शेक हा व्यायामाआधीचा भाग आहे, इलाज नव्हे. लेसरचं प्रकरण वेगळं. मानेच्या दुखण्यावरच्या १६ चाचण्यांचा आढावा २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यात कमी शक्तीच्या लेसरचा उपयोग दिसला होता. पण केंद्रवाले तो कागद दाखवून गादी विकतात, तो चावटपणा आहे. लेसर मानेला, गादी पाठीखाली, आणि दावा तळपायाचा!

रक्ताभिसरणाबद्दल मात्र खरी भीती आहे. चालताना पोटरी धरते, थांबलं की सुटते, असं होत असेल तर पायाला रक्त नेणारी रोहिणी अरुंद झालेली असू शकते. अशा पायाला ऊब दिली की तिथल्या पेशी जास्त रक्त मागतात आणि वाट तर बंद. आधी पायाची नाडी तपासून घ्या, घोट्याचं ब्लडप्रेशर मोजून घ्या.

कांगडीप्रेमी
यंत्रबिंत्र सोडा. काश्मिरी लोक पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, धरून बसतात, त्यांना विचारा.

नळ्या टेकवणारा
विचारलंय डॉक्टरांनी. वर्षानुवर्षं त्याच जागी ऊब लागून कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, आणि कांगडीने होणारा कातडीचा कॅन्सर वैद्यकीय पुस्तकांत आहे. रोज तासन् तास दिव्यासमोर गुडघे धरून बसणाऱ्यांच्या मांड्यांवरही ते डाग येऊ शकतात.

सासूबाईंची सून
मुंग्या आल्या की सगळे साखरेवर का घसरता? आमच्याकडे सासूबाई शुद्ध शाकाहारी आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीवर. या गोळीने बी १२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि ते कमी झालं की पाय बधिर होतात, तोलही जातो. रक्त तपासलं, बी १२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. चिटणीसताई, आईंचं तपासलंय का?

चिटणीसांची गोठ
नाही, कुणी सांगितलंच नाही. तपासून घेते. पण पट्टे मी काढणार नाही. रात्री पाय जळत असताना चाचण्यांचे आकडे पांघरून झोप येत नाही, दौलतगंजकर.

नळ्या टेकवणारा
कोमट पट्टे असतील तर माझा आग्रह नाही. फक्त झोपताना बांधून ठेवू नका, आधी आणि नंतर तळवे डोळ्यांनी बघा, लालसर दिसलं की बंद. आणि केंद्रवाल्यांच्या सांगण्यावरून साखरेची गोळी सोडून देऊ नका, तिथे काहींना तसंही सांगतात.

लाल दिव्याचा धनी
गडबड झाली हो, वडिलांनी गादी घेऊन टाकली. केंद्रवाले परत घेतात का?

दौलतगंजकर
पक्कं बिल आहे का? असेल तर आधी लेखी मागणी करा, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. कच्च्या चिठ्ठीवर पैसे मोजले असतील तर मात्र अवघड आहे.

लाल दिव्याचा धनी
चिठ्ठीपण नाही. एक कॅलेंडर दिलंय.