मदत हवी आहे: आयसीयूतून घरी आणलेल्या आईला पुन्हा चालतं कसं करायचं?

नमस्कार. आई ७२ वर्षांची. न्यूमोनियामुळे लातूरला १३ दिवस आयसीयूत होती, त्यातले ५ दिवस व्हेंटिलेटरवर. आता औसा तालुक्यात गावी आणलंय. पावसाळ्यात रानात खुरपायला जाणाऱ्या बाईला आता बाजेवर उठून बसायला दोघं लागतात. मांड्या पार वाळल्यात. डॉक्टर म्हणाले, आजारानं आणि पडून राहिल्यानं स्नायू झिजतात, हळूहळू भरून येईल. पण रोज नेमकं काय करायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.

सध्या पडल्यापडल्या घोटे फिरवणं, गुडघे वाकवणं आणि तीनदा पाय खाली सोडून बसवणं, एवढंच. काल उभं केलं तर डोळ्यांपुढं अंधारी आली. बीपी बसल्यापेक्षा बरंच उतरलेलं. डॉक्टरांना फोन केलाय, पण तेव्हापासून ती पाय टेकवायलाच भिते, आणि मीही. तरी अंगणातल्या तुळशीपर्यंत कधी जाईन, हे रोज विचारते.

बाज सैल आहे, त्याऐवजी दिवाण बरा का? वॉकर आत्ताच आणावा का? आई माळकरी, अंडी चालत नाहीत. दूध, डाळी, शेंगदाण्यांशिवाय प्रथिनांसाठी तुम्ही काय दिलंत? औशाकडं घरी येणारे फिजिओथेरपिस्ट माहीत असतील तर कृपया कळवा.