लेहला पोचल्या पोचल्या खार्दुंग ला?

लेहला विमानाने उतरून दुसऱ्याच दिवशी खार्दुंग ला ही खिंड गाठलीत आणि डोकेदुखीवर एका गोळीने भागलं, म्हणता? नशीब जोरावर होतं तुमचं! लेह साधारण ३५०० मीटरवर, खिंड ५३०० च्याही वर. हाच आगाऊपणा मीही केला होता. खिंडीत बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी. नाडी शेवटी ड्रायव्हरने बांधली. (लाज वाटायलाही दम उरला नव्हता.) पुढे हिमाचलातल्या स्पितीला मात्र किन्नौरमार्गे, मुक्काम करत, शरीराला उंचीची सवय होऊ देत चढलो. स्पितीतलं काझा लेहपेक्षा थोडं उंचच, तरी जेवण व्यवस्थित गेलं, झोपही लागली. ३००० मीटरनंतर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. आणि डोकं ठणकत असेल तर त्या दिवशी चढणं बंद, गोळी घेतली असली तरी.